अम्मी-अब्बांना झिंकची गोळी द्यावी का? आधी ताट बघा, मग मेडिकलवर जा

आष्टी (जि. जालना) : वय साठीच्या पुढे गेलं की सर्दी-खोकला लवकर धरतो आणि लवकर सोडत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘झिंकची गोळी चालू करा, ताकद येते.’ कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेली ही गोळी आजही अनेक बुजुर्ग मनानेच घेतात. तिचा फायदा होतो का? होतो, पण मुख्यतः ज्यांच्या शरीरात झिंक, म्हणजे जस्त, कमी आहे त्यांना.

झिंकचं काम काय?

आजाराशी लढणाऱ्या ‘टी-पेशी’ छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. वय वाढतं तशी ही ग्रंथी आक्रसते. या ग्रंथीतून येणारं एक संप्रेरक झिंकशिवाय काम करत नाही. म्हणून म्हातारपणी झिंक कमी पडलं तर दुहेरी मार बसतो.

माणसाला झिंकची कमतरता होते, हे १९६०च्या दशकात बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी इराण आणि इजिप्तमधल्या कामातून दाखवलं. २००७ मध्ये त्यांच्या गटाचा एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ५५ ते ८७ वयाच्या सुमारे ५० जणांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम झिंक दिलं, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. झिंकवाल्यांपैकी २९ टक्के लोकांना वर्षात संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ८८ टक्के. फरक मोठा आहे, पण अभ्यास लहान होता आणि देखरेखीखाली झाला होता. तो डोस घरी स्वतःहून घेण्यासाठी नाही.

आपल्या ताटात कुठे कमी पडतं?

भारतात पुरुषाला रोज सुमारे १७ आणि बाईला १३ मिलिग्रॅम झिंक लागतं. ज्वारी-बाजरीत ते असतं, पण धान्यातलं फायटेट त्याला अडकवून ठेवतं. गोश्त आणि अंड्यातलं झिंक शरीराला सहज मिळतं. अडचण अशी की दात गेले की बुजुर्ग बोटी बाजूला सारतात आणि शोरब्यात भाकरी कुस्करून खातात. झिंक मात्र बहुतेक बोटीतच राहतं! त्यांना बारीक खिमा, मऊ शिजवलेलं गोश्त किंवा अंडं द्या. बीपी, किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

डाळी, मटकी भिजवून मोड आणले, ज्वारीचं पीठ आंबवून आंबील केली, की फायटेट कमी होतं. आपल्या शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आणलं. त्यात लोह आणि झिंक नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. शेती असणाऱ्यांनी जरूर विचार करावा.

गोळी घ्यायचीच असेल तर

- भूक नाही, चव लागत नाही, जखम लवकर भरत नाही, वारंवार संसर्ग होतो, अशी लक्षणं असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. हीच लक्षणं शुगरमुळेही दिसतात, म्हणून शुगर तपासून घ्या.
- रोज ४० मिलिग्रॅमच्या वर झिंक मनाने घेऊ नका. जास्त दिवस जास्त झिंक घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. त्यामुळे रक्त कमी होतं आणि प्रतिकारशक्ती उलट घटते.
- पाकिटावर झिंक किती ते नीट वाचा. ५० मिलिग्रॅम झिंक ग्लुकोनेटमध्ये खरं झिंक फक्त ७ मिलिग्रॅम असतं. मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातलंही मोजा.
- रिकाम्या पोटी मळमळतं. रमजानमध्ये इफ्तारनंतर जेवण झाल्यावर घ्या.
- लोहाची गोळी किंवा काही अँटिबायोटिक सोबत घेतल्या तर एकमेकींचा असर कमी होतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून वेळा ठरवून घ्या.

गोळी चालू असली तरी खोकला लांबला, धाप लागली किंवा ताप उतरत नसेल तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. न्यूमोनियावर झिंक हा इलाज नाही.