कोपऱ्यावरचा बोदेगा

डेन्मार्कचा परिचय ज्याला राजवाडे, पवनचक्क्या आणि हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या परीकथा एवढ्यापुरताच आहे, त्याला कोपनहेगनमधील जुन्या वस्तीच्या एखाद्या कोपऱ्यावरचे, खिडकीत अर्धे पडदे ओढलेले आणि दारावर बिअरच्या कारखान्याची पाटी मिरवणारे ते लहानसे मद्यगृह बहुधा दिसतच नाही. आणि दिसले तरी आत कोण बसले आहे हे बाहेरून उमगत नसल्यामुळे दार ढकलण्याचा धीर होत नाही. डॅनिश लोक त्याला ‘वेर्ट्सहूस’ म्हणतात, बोलताना पुष्कळदा नुसता ‘बोदेगा’ म्हणतात, आणि तंबाखूच्या धुराने, काळवंडलेल्या लाकडी तक्तपोशीने व वर्षानुवर्षांच्या वापराने आतल्या भिंतींना जो रंग चढलेला असतो, त्यावरून ‘तपकिरी’ हे विशेषणही त्यास सर्रास जोडतात. हे स्थळ मद्यपानासाठी आहे, हे उघड आहे. परंतु त्याचा उगम आणि त्याचे टिकून राहणे या दोहोंचा उलगडा केवळ मद्याने होत नाही. ज्यांच्या घरात पाहुण्याला बसवायला जागा नव्हती, अशा माणसांनी आपल्या गल्लीसाठी राखलेली ती बैठकीची खोली आहे, असे धरून चालले म्हणजे तिथला एकेक रिवाज समजू लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोपनहेगन तटबंदीच्या आत कोंडलेले होते. लष्करी कारणास्तव तटाबाहेरच्या विस्तीर्ण पट्ट्यात पक्के बांधकाम करण्यास सरकारी मनाई होती, आणि वाढत्या लोकसंख्येचा सारा भार आतल्या अरुंद गल्ल्यांवर पडत होता. १८५२ साली या मनाईची हद्द मागे घेण्यात आली. पुढच्याच वर्षी पटकीच्या साथीत शहरातील सुमारे ४,७०० माणसे दगावली, आणि ही दाटी अशीच ठेवणे आता शक्य नाही, हे सर्वांच्याच प्रत्ययास आले. त्यानंतरच्या चार-पाच दशकांत तटाबाहेर वेस्टरब्रो आणि नॉरेब्रो या वसाहती उभ्या राहिल्या : रस्त्याच्या कडेला चार-पाच मजल्यांची इमारत, तिच्या मागे कोंदट चौक, चौकात संडास, आणि चौकाच्या पलीकडे सूर्यप्रकाशास पारखी झालेली दुसरी इमारत. खेड्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे तेथे एक-दोन खोल्यांत राहत. मुंबईच्या गिरणगावातील चाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या जीवनाची कल्पना आणून देण्यास अधिक शब्द लागू नयेत. फरक एवढाच, की चाळीला गॅलरी होती आणि बाहेर बसण्याजोगी हवा होती, तर डेन्मार्कच्या दीर्घ हिवाळ्यात दुपारी चारच्या आत अंधार पडत असे. तेव्हा कोपऱ्यावरच्या तळमजल्यावर जेथे शेगडी पेटलेली आहे, दिवा आहे आणि ओळखीची माणसे आहेत, तेथे कामगाराने जाऊन बसावे, हे अगदी स्वाभाविक होते.

त्या काळी तेथे मुख्यतः प्यायली जाई ती ‘स्नाप्स’, म्हणजे धान्यापासून किंवा बटाट्यापासून काढलेली कडक दारू. तिची जागा बिअरने घेतली, ती लोकांची रुची पालटल्यामुळे नव्हे, तर महसूल खात्याच्या एका निर्णयामुळे. पहिल्या महायुद्धात सागरी नाकेबंदीमुळे धान्याची आयात आटली. उपलब्ध धान्य माणसांनी खावे, डुकरांना व दारूच्या भट्ट्यांना घालू नये, असा आग्रह सरकारचे आहारविषयक सल्लागार डॉ. मिकेल हिंदहेडे यांनी धरला. आणि १९१७ साली कडक दारूवर असा जबर कर बसला, की एका क्रोनरच्या आत मिळणारी बाटली अकरा क्रोनरच्या घरात गेली. अल्पावधीतच देशातील दरडोई मद्यार्काचा खप सुमारे दहा लिटरवरून दोन लिटरच्या आसपास उतरला. धान्यटंचाईपायी झालेला हा बदल युद्ध संपल्यावरही पुष्कळसा टिकून राहिला, आणि बोदेगा हे प्राधान्याने बिअरचे घर झाले. बिअरच्या बाबतीत या देशाची तयारी आधीपासूनच मोठी होती. जे. सी. याकोबसेन यांनी १८४७ साली वाल्बी येथे कार्ल्सबर्गचा कारखाना काढला होता, आणि त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ साली यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा करून वाढविण्याची रीत सिद्ध केली. हा शोध व्यापारी गुपित म्हणून दडवून न ठेवता इतर कारखान्यांनाही खुला करण्यात आला. या औदार्याची नोंद मला कार्ल्सबर्गच्या साऱ्या वैभवाहून अधिक मोलाची वाटते. आज कार्ल्सबर्ग कंपनीचा एक कारखाना आपल्या औरंगाबादेस, म्हणजे छत्रपती संभाजीनगरासही आहे; त्यामुळे याच कंपनीच्या टुबोर्ग बिअरची हिरवी बाटली मराठी वाचकाला अपरिचित नसावी.

आत गेल्यावर प्रथम जाणवतो तो मंद उजेड, आणि त्यानंतर धूर. २००७ च्या ऑगस्टमध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी करणारा कायदा अमलात आला, तेव्हा ज्या मद्यगृहाचे बैठकीचे क्षेत्र ४० चौरस मीटरहून कमी आहे आणि जेथे जेवण दिले जात नाही, त्यास या बंदीतून सूट देण्यात आली. लहान बोदेगांनी ही सूट पत्करली, आणि म्हणून तेथे भूक लागली तर उकडलेले अंडे किंवा खारे शेंगदाणे यांपलीकडे फारसे काही मिळेल, अशी आशा धरू नये. धुराचे समर्थन मी करणार नाही. काउंटरमागे दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसांचा विचार केला म्हणजे ही सूट मला क्लेशकारक वाटते. पण नवख्या माणसाने तिच्याविषयी आगाऊ माहिती ठेवलेली बरी, कारण ज्यांना दम्याचा विकार आहे त्यांनी यामुळे मोठी, बिनधुराची जागा निवडणेच श्रेयस्कर.

बिअर काउंटरवर जाऊन मागावी आणि तेथेच पैसे चुकते करावेत. बक्षिसी देण्याचा दस्तूर नाही. बाटली बहुधा तेहतीस सेंटिलिटरची असते. तिच्या सोबतीला ‘गामेल डान्स्क’ नावाची, १९६४ पासून बाजारात असलेली, वनौषधींची कडू दारू लहानशा पेल्यात घेण्याची पद्धत आहे, आणि काही जुनी गिऱ्हाईके ती सकाळीच घेतात; कारण रात्रपाळी संपवून परतणाऱ्यांसाठी पहाटेच उघडणारे बोदेगाही या शहरात आहेत. खिडकीजवळचे किंवा काउंटरच्या टोकाचे एखादे आसन रिकामे दिसले तरी बसण्यापूर्वी विचारावे, कारण ते वर्षानुवर्षे एखाद्या ठरावीक माणसाचे असू शकते. तेथे सर्वांनी सर्वांना ‘तू’ म्हणावयाचे असते. गवंड्याने प्राध्यापकाला आणि प्राध्यापकाने मालकिणीला. डेन्मार्कमध्ये हा एकेरी संबोधनाचा प्रघात सर्वत्र रुळला तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात.

बोलण्यास विषय नसला तर फासे असतात. चामड्याचा एक जाड पेला, त्यात फासे, आणि पेला टेबलावर उपडा आपटल्याचा तो दणका, हा बोदेगाचा खरा ध्वनी होय. ‘मायर’ नावाचा खेळ दोन फाशांचा. खेळाडू पेला किंचित उचलून आपले दान एकट्यानेच पाहतो आणि मोठ्याने जाहीर करतो. मोठा आकडा दशकस्थानी धरावयाचा, म्हणजे पाच आणि तीन पडले तर त्रेपन्न. जोड्या या संख्यांहून श्रेष्ठ. जोड्यांहून तीन-एक श्रेष्ठ, आणि सर्वांत वरचे दान म्हणजे दोन-एक, त्यालाच मायर म्हणतात. प्रत्येकाने आपल्या आधीच्या खेळाडूहून वरचढ दान सांगावयाचे असल्यामुळे लवकरच खोटे बोलणे भाग पडते, आणि पुढच्याने एक तर विश्वास ठेवून पेला स्वतःकडे घ्यावा किंवा तो उचलून खोटे उघडकीस आणावे. कित्येकदा बिअरची पुढची फेरी कोणी द्यावी याचा निकाल फाशांवरच लागतो. या खेळाला भाषेचे ज्ञान जवळजवळ लागत नाही, परंतु समोरच्याच्या चेहऱ्याकडे मात्र सतत पाहावे लागते; दोन अनोळखी माणसांना अर्ध्या तासात एकमेकांचे करण्याचे याहून प्रभावी साधन मला ठाऊक नाही.

सगळीच मद्यगृहे कामगारवस्तीतली नव्हेत. कोंगेन्स न्यूटोर्व या राजचौकातील ‘हविड्स विन्स्तूए’ १७२३ पासून चालू आहे आणि नाताळच्या दिवसांतील तिथल्या गरम मसालेदार मद्यासाठी तिची ख्याती आहे. क्लारेबोडेर्ने या गल्लीतील ‘बो-बी बार’ १९१७ चा. गुल्डेन्डाल ही १७७० साली स्थापन झालेली प्रकाशनसंस्था त्याच गल्लीत असल्यामुळे लेखक, संपादक आणि पत्रकार यांचा तेथे पूर्वापार राबता आहे. गामेल कोंगेवाय रस्त्यावरील ‘विन्स्तूए ९०’ मध्ये बिअर इतकी सावकाश ओतली जाते, की पेला भरून हाती येईपर्यंत सुमारे पाव तास जातो. ओतावे, फेस बसू द्यावा, पुन्हा ओतावे, असा तो क्रम आहे, आणि त्यामुळे बिअरमधील वायू निघून जाऊन ती घशाखाली मऊ उतरते.

या साऱ्याची दुसरी बाजू डॅनिश लोकांनी स्वतः लपविलेली नाही. टॉम क्रिस्टेन्सेन यांची १९३० सालची ‘हेरवेर्क’ ही कादंबरी कोपनहेगनच्या एका वृत्तपत्रातील ग्रंथसमीक्षकाने मद्याच्या आहारी जाऊन स्वतःचा केलेला विध्वंस सांगते, आणि ती त्यांच्या अभिजात वाङ्मयात गणली जाते. उलट ‘हूसेट पो क्रिस्टियान्सहाउन’ या १९७० ते १९७७ पर्यंत चाललेल्या दूरदर्शन-मालिकेत एका जुन्या इमारतीतील भाडेकरूंचे सारे सुखदुःख ‘रोटेहुलेट’ नामक मद्यगृहात येऊन निवते, आणि साऱ्या देशाने ती मालिका आपली मानली. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. जो विधुर पेन्शनर रोज दोन वाजता येऊन एकच बाटली पुढे ठेवून बसतो, त्याला घरी विचारपूस करणारे कोणी नसते. तो दोन दिवस आला नाही तर मालकीण कोणाला तरी त्याच्या दारापर्यंत पाठविते. हे काम कोणत्याही सरकारी खात्याच्या दप्तरात नोंदले जात नाही, पण ते होत असते. आणि त्याच खोलीत दुसरा कोणी पाचव्या बाटलीनंतर सहावी मागत असतो, हेही खोटे नाही.

अलीकडे वेस्टरब्रोतील घरांच्या किमती वाढल्या, जुने भाडेकरू गेले, आणि कित्येक बोदेगांच्या जागी कॉफीगृहे आली. उलटपक्षी विद्यार्थी व तरुण मंडळी, काहीशी स्वस्त बिअरसाठी आणि काहीशी या जुनेपणाच्या ओढीने, उरलेल्या बोदेगांत शुक्रवारी रात्री गर्दी करू लागली आहेत. त्यांच्यामुळे गल्ला भरतो. परंतु त्या गर्दीत पेन्शनराला आपले आसन सापडत नाही, अशी अडचणही उभी राहते. म्हणून प्रथमच जाणाऱ्याने शुक्रवार-शनिवारची रात्र टाळून आठवड्यातील एखाद्या साध्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमारास जावे, शिरताना सर्वांना मिळून एकदा ‘हाय’ म्हणावे, विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये, आणि शेजारच्याने पेला उंचावून ‘स्कोल’ म्हटले तर पिण्यापूर्वी आणि प्यायल्यावर त्याच्या डोळ्यांकडे पाहावे. मद्य न घेणाऱ्यालाही सोड्याची किंवा लिंबू-सरबताची बाटली घेऊन तासभर बसता येते. बाटलीत काय आहे, याची चौकशी तेथे कोणी करीत नाही.