दखल

मराठीत निवेदन लिहायला बसलं की शेवटची ओळ आपोआप उमटते: तरी संबंधितांनी याची दखल घ्यावी, ही नम्र विनंती. मग गटार तुंबलेलं असो, एसटीची मुक्कामी गाडी बंद झालेली असो, की शाळेत शिक्षक नसोत. खाली सह्या, सोबत झेरॉक्स आणि आवक-जावकचा शिक्का मारलेली पोचप्रत. ती पोचप्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्षानुवर्षं जपणारे लोक प्रत्येक तालुक्यात सापडतात. दखल घ्यायची ती वरच्यांनी, खालच्यांनी ती मागायची, असा आपल्याकडे या शब्दाचा रिवाज आहे.

बंगालीत हाच शब्द दुसऱ्या वाटेने गेला. तिकडे दखल म्हणजे ताबा. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका शिकाऊ महिला डॉक्टरचा बलात्कार करून खून झाल्याचं उघड झालं. त्यानंतर १४ ऑगस्टच्या रात्रीसाठी समाजमाध्यमांवरून एक हाक फिरली: 'मेयेरा, रात दखल करो'. मुलींनो, रात्र ताब्यात घ्या. वेळ ठरली ११ वाजून ५५ मिनिटांची, स्वातंत्र्यदिन उजाडायला पाच मिनिटं कमी. सुरुवातीला जमायच्या जागा मोजक्याच होत्या. जादवपूरचा ८बी बसस्टँड, अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्सचा परिसर, कॉलेज स्ट्रीट. प्रत्यक्षात त्या रात्री राज्यातल्या कितीतरी गावांत बायका घराबाहेर पडल्या. कुणाच्या हातात मेणबत्ती, कुणाच्या हातात शंख, कुणाच्या कडेवर पेंगुळलेलं मूल. बोलावणारी कुठली संघटना नव्हती, पक्षाचा झेंडा आणू नका असं आधीच सांगून ठेवलेलं होतं.

बाहेरून आलेल्या वार्ताहरांना हे सगळं अचानक घडल्यासारखं वाटलं. पण ८बी बसस्टँडवरून रिक्षाने पाच-दहा मिनिटं गेलं की बिजयगड लागतं, आणि तिथे 'दखल' हा शब्द पाऊणशे वर्षं मुरलेला आहे.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येणाऱ्या हिंदू निर्वासितांनी सियालदह स्टेशनचे फलाट भरून गेले होते. सरकारी छावण्या अपुऱ्या, आणि होत्या तिथली अवस्था बघवत नसे. शहराच्या दक्षिणेला मात्र महायुद्धात लष्कराने वापरून सोडलेल्या जागा आणि जमीनदारांची पडीक जमीन होती. १९४८ च्या सुमाराला बिजयगड वसलं. पुढच्या दोन वर्षांत आझादगड, नेताजीनगर, बाघाजतीन अशा वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांना नावच पडलं जबरदखल कॉलनी. १९५० संपेपर्यंत अशा कॉलन्यांची संख्या १४९ वर गेल्याची नोंद सरकारदरबारी आहे.

पद्धत ठरलेली होती. रात्री दोऱ्या लावून प्लॉट आखायचे, बांबू रोवायचे, वर होगल्याचं छप्पर टाकायचं. होगला म्हणजे आपल्याकडे तळ्याकाठी उगवतं ते पाणकणीस. सकाळी जमीनदाराची माणसं येईपर्यंत वस्ती उभी. लाठ्या घेऊन कुणी येताना दिसलं की बायका शंख फुंकायच्या. शेजारच्या गल्लीत दुसरा शंख वाजायचा आणि बघता बघता सगळी कॉलनी आडवी यायची. इतक्या गडबडीतही कॉलनीत सगळ्यात आधी तयार व्हायची ती कमिटी. कुणाला कुठला प्लॉट, ट्यूबवेल कुठे, वर्गणी किती, रस्त्याला जागा किती सोडायची, हे सगळं वहीत लिहिलं जायचं. घरं पक्की होण्याआधी शाळा सुरू व्हायची. आज दक्षिण कोलकात्यात नांदणाऱ्या अनेक शाळांचा जन्म असा बांबूच्या मांडवात झालेला आहे.

१९५१ मध्ये सरकारने अनधिकृत ताबा हटवण्याचा कायदा आणला. निर्वासितांच्या संघटनांनी इतका रेटा लावला की कायद्याच्या शीर्षकातच निष्कासनाच्या आधी पुनर्वसन आलं. मालकीचे कागद हातात पडायला मात्र काही दशकं गेली.

या कॉलन्यांचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. त्या वसवणारे बहुतेक लोक शिकलेले, सवर्ण, वकील-मास्तरांच्या ओळखीपाळखीतले होते. मागून आलेल्या नामशूद्र आणि इतर दलित निर्वासितांना राज्याबाहेर पाठवण्यात आलं: दंडकारण्यात, अंदमानात, आपल्या पूर्व विदर्भातही. गडचिरोलीच्या मुलचेरा, चामोर्शी भागात आजही घरोघर बंगाली बोलली जाते ती त्यामुळे. दंडकारण्यातल्या काही हजार लोकांनी १९७८ मध्ये परत येऊन सुंदरबनातल्या मरिचझांपी बेटावर तेच केलं जे बिजयगडने केलं होतं: घरं, शाळा, दवाखाना, कमिटी. जानेवारी १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वस्ती उठवली. किती माणसं मेली यावर आजही एकमत नाही. एका गावाला फळलेली युक्ती दुसऱ्या गावाच्या जिवावर बेतली, कारण पाठीशी उभं राहणारं शहर त्यांना नव्हतं.

शहर पाठीशी असलं की काय होतं, ते १९५३ च्या जुलैत दिसलं. प्रकरण होतं एका पैशाचं.

कोलकात्याची ट्राम चालवणारी कंपनी लंडनची. स्वातंत्र्याला सहा वर्षं होत आली तरी नफा तिकडेच जात होता. ट्रामला दोन डबे: पुढचा पहिल्या वर्गाचा, त्यात पंखे; मागचा दुसऱ्या वर्गाचा, बिनपंख्याचा. १ जुलैपासून दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवायचं ठरलं. तेव्हा रुपयाला चौसष्ट पैसे होते. दिवसाला दोन खेपा आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वाढ होते साडेबारा आण्यांची. हिशेबनीसाच्या वहीत ही रक्कम किरकोळ दिसली असेल. कॉलनीतून शहरात कामाला येणाऱ्या कारकुनाच्या घरात तिची गणती भाजीच्या खर्चात होत होती.

विरोधी पक्षांनी मिळून भाडेवाढ प्रतिकार समिती काढली. अध्यक्ष हेमंतकुमार बसू, सोबत ज्योती बसू आणि इतर. समितीने लोकांना दिलेला कार्यक्रम मोठा मजेशीर होता. ट्राममध्ये बसा आणि जुनंच भाडं द्या. एवढंच. कंडक्टरने हात पुढे केला की मोजून जुने पैसे ठेवायचे. तो म्हणणार, एक पैसा कमी आहे. प्रवासी म्हणणार, भाडं एवढंच आहे. नव्या दराशिवाय तिकीट फाडता येत नाही, आणि अख्खा डबा त्याच पवित्र्यात बसल्यावर उतरवणार तरी कुणाला? म्हणून कितीतरी लोक पहिले काही दिवस फुकट फिरले. मोर्च्याला जायला रजा नको, भाषण करायला धाडस नको; रोजच्या ट्राममध्ये रोजच्या जागेवर बसायचं आणि खिशातला एक पैसा बाहेर काढायचा नाही, इतकं सोपं काम चळवळीने माणसाला दिलं. ज्यांना सभेत तोंड उघडायची लाज वाटायची तेही त्यात आले. मुंबईत १९७२-७३ च्या महागाईविरोधी लढ्यात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांनी बायकांच्या हाती स्वयंपाकघरातलं लाटणं दिलं, त्यामागची अक्कल याच जातीची.

पुढे प्रकरण चिघळलं. ४ जुलैला हरताळ, नंतर ट्रामवर बहिष्कार, १५ जुलैला सार्वत्रिक संप. ट्राम जळाल्या, बाँब फुटले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या. हे सगळं शांततेत पार पडलं असं म्हणणं खोटं होईल. २२ जुलैला मैदान परिसरात वार्तांकन करणाऱ्या पत्रकारांनाच पोलिसांनी झोडपलं, आणि सरकारची बाजू घेणारी वर्तमानपत्रंही बिथरली. मुख्यमंत्री बिधानचंद्र राय तेव्हा युरोपात होते. अखेर जुलै संपता संपता वाढीव पैसा मागे घेतला गेला आणि प्रश्न चौकशीकडे सोपवण्यात आला. ट्राम कंपनी सरकारच्या मालकीची व्हायला १९७० चं दशक उजाडलं.

याच शहरात उत्तरेकडे सोनागाछी ही देहविक्रय करणाऱ्या बायकांची वस्ती आहे. तिथली गोष्ट पैशाचीच, पण साठवलेल्या.

१९९२ मध्ये 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ' या संस्थेचे डॉ. स्मरजित जाना एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामासाठी या वस्तीत आले. समजावून सांगायला त्यांनी बाहेरच्या शिकलेल्या बायका आणल्या नाहीत. वस्तीतल्याच बायकांना शिकवून कामावर घेतलं. त्यांच्याशी बोलताना डॉक्टरांच्या ध्यानात आलं की निरोध वापरायला हवा हे बायकांना कळतं, पण गिऱ्हाइकाला नाही म्हणायची ऐपत त्यांच्यात नाही. कारण डोक्यावर सावकार. बँक खातं उघडू देत नाही, पत्ता विचारते, नवऱ्याचं नाव विचारते. सावकार काहीच विचारत नाही, फक्त व्याज विचारतो. कर्जाचा हप्ता उद्यावर आला की आजचं गिऱ्हाईक परत पाठवता येत नाही.

म्हणून आधी पतपेढी काढायची ठरली. सहकाराच्या गावात वाढलेल्या मराठी वाचकाला पुढचा भाग ओळखीचा वाटेल. अर्ज घेऊन बायका निबंधकांच्या कार्यालयात गेल्या, तर नियम आडवा आला: सभासद चांगल्या चारित्र्याचा हवा. कुणीतरी मधला मार्ग सुचवला की व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी लिहा, काम होऊन जाईल. सरकारी कचेरीत असा सल्ला बहुधा भल्या हेतूनेच दिला जातो, आणि शंभरातले नव्याण्णव जण तो घेतात. या बायकांनी घेतला नाही. आम्ही काय करतो ते लिहू, म्हणाल्या, नाहीतर नोंदणी नको. अखेर सरकारनेच ती अट बाजूला केली, आणि १९९५ मध्ये 'उषा' ही बहुउद्देशीय सहकारी संस्था नोंदली गेली. त्याच वर्षी 'दुर्बार महिला समन्वय समिती' उभी राहिली. दुर्बार म्हणजे अनावर.

उषाचं काम आपल्याकडच्या पिग्मीसारखं चालतं. गोळा करणारी व्यक्ती रोज दारोदार फिरते, दहा-वीस रुपये घेते, वहीत मांडते. भाग, ठेव, कर्ज, वार्षिक सभा, सगळं रीतसर. सभासद पुढे वीस हजारांवर गेले. १९९२ च्या पाहणीत निरोध वापरणाऱ्या बायका शेकडा तीनच्याही आत होत्या. ते दशक संपेपर्यंत प्रमाण ऐंशीच्या वर गेलं होतं. मुंबईच्या वस्त्यांत एचआयव्हीची लागण निम्म्याहून अधिक बायकांमध्ये आढळत होती तेव्हा सोनागाछीत ती कितीतरी कमी राहिली. याचं सगळं श्रेय पासबुकाला देता येणार नाही. पण पासबुक वगळून हा आकडा समजतही नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये सॉल्टलेकच्या युवभारती क्रीडांगणात देशभरातल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. घोषणा होती, 'गतर खाटिये खाइ, श्रमिकेर अधिकार चाइ'; अंगमेहनत करून खातो, कामगाराचा हक्क मागतो. आदल्याच वर्षी आपल्या सांगलीतही, मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेच्या कामातून, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली होती. हा व्यवसाय काम मानायचा की शोषण, यावर स्त्री चळवळीतच दोन तट आहेत आणि दोन्हींकडे दम आहे. अल्पवयीन किंवा जबरदस्तीने आणलेल्या मुली ओळखण्यासाठी दुर्बारने स्वतःची मंडळं नेमली, त्यावरही टीका झाली.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा विषय गेला तो कोलकात्यातल्याच एका खुनामुळे. १९९९ मध्ये या वस्तीतल्या एका बाईचा खून झाला. आरोपीचं अपील २०११ मध्ये फेटाळताना न्यायालयाने या बायकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला आणि नेमलेल्या समितीत दुर्बारला जागा दिली. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, ओळखपत्राचा आग्रह न धरता या बायकांना कोरडा शिधा द्या असा आदेश त्याच प्रकरणात निघाला. महाराष्ट्र सरकारने पुढे तीन महिने दरमहा पाच हजार रुपयेही दिले. १९ मे २०२२ च्या आदेशात, सज्ञान बाई स्वखुशीने हा व्यवसाय करत असेल तर पोलिसांनी तिला त्रास देऊ नये, आणि राहण्याचा पुरावा नसला तरी तिला आधार कार्ड मिळावं, असं सांगितलं गेलं. डॉ. जाना तो दिवस पाहू शकले नाहीत. मे २०२१ मध्ये कोविडने त्यांचं निधन झालं होतं.

पुन्हा २०२४ च्या ऑगस्टकडे. बायका रस्त्यावर होत्या त्याच रात्री एका जमावाने आर. जी. कर रुग्णालयात घुसून नासधूस केली. संताप वाढला. चारच दिवसांनी, १८ ऑगस्टला, युवभारतीवर ड्युरंड कपचा मोहन बागान आणि ईस्ट बंगाल असा फुटबॉल सामना होता. प्रेक्षक गॅलरीतून घोषणा देतील या धास्तीने बंदोबस्ताचं कारण सांगून तो रद्द करण्यात आला.

या सामन्याचं वैर ज्याला ठाऊक आहे त्यालाच पुढची गंमत कळेल. ईस्ट बंगाल म्हणजे जबरदखल कॉलन्यांतल्या निर्वासितांचा संघ, मोहन बागान मूळच्या कोलकातेकरांचा. एकाच्या विजयाला हिलसा, दुसऱ्याच्या विजयाला कोळंबी. घराघरांत या सामन्यावरून जेवणं थांबतात. सामना नसतानाही त्या दिवशी दोन्हींकडचे लोक जर्सी घालून मैदानाबाहेर आले, शहरातल्या तिसऱ्या संघाचे, मोहमेडन स्पोर्टिंगचेही आले. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. तरी लाल-पिवळे आणि हिरवे-मरून एकमेकांच्या खांद्यावर बसून एकाच घोषणेत न्याय मागत राहिले.

रद्द झालेल्या सामन्याचा एकेक गुण नंतर दोन्ही संघांना वाटून देण्यात आला.