पाण्यात राहूनही न गुदमरणारी फुलं

कमळकाकडी कधी आडवी चिरून पाहिली आहे? प्रत्येक चकतीत गोल गोल भोकं दिसतात. ती नुसती नक्षी नाही, कमळाची श्वासाची वाट आहे! तळ्याच्या तळाशी चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. म्हणून पानं वरची हवा घेतात आणि ती देठातल्या पोकळ नळ्यांमधून खाली चिखलातल्या खोडापर्यंत पोहोचते. हो, कमळकाकडी हे मूळ नसून खोड आहे.

पानंही तशीच हुशार. जमिनीवरच्या बहुतेक झाडांच्या पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, खालच्या बाजूला जास्त असतात. कमळ आणि कुमुदिनीची तरंगणारी पानं खालून पाण्याला टेकलेली, म्हणून त्यांची छिद्रं वर असतात. कमळाच्या पानावर मेणाचा थरही असतो. पावसाचं पाणी थेंब होऊन घरंगळतं आणि छिद्रं मोकळी राहतात.

कोलकात्यातल्या बेहाला भागात घरांच्या मधूनच पुकुर, म्हणजे छोटी तळी दिसतात. बंगालीत कुमुदिनीला शापला म्हणतात आणि तिच्या कोवळ्या देठांची भाजी करतात. आपण उपवासाला खातो तो शिंगाडा इथे पानिफल. त्याच्या पानांचे देठ मध्येच फुगलेले असतात आणि रोपाला तरंगत ठेवतात.

हीच युक्ती जलपर्णीकडे, म्हणजे बंगालीतल्या कचुरीपानाकडेही आहे. तिचे देठ स्पंजासारखे, हवेने भरलेले. मुळं चिखलात रोवायची गरज नाही, त्यामुळे पाणी नेईल तिकडे ती पसरते. हवामान मानवलं तर साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने बंगालच्या नद्या, खाड्या इतक्या अडवल्या, की 1936 मध्ये तिच्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. पुण्याच्या मुळा-मुठेवरचा हिरवा गालिचा तुम्ही पाहिलाच असेल.

गंमत अशी, की स्वतः आरामात श्वास घेणारी जलपर्णी खालच्या पाण्याचा श्वास कोंडते. तिच्या दाट थराखाली ऊन पोहोचत नाही, ऑक्सिजन घटतो आणि मासे तडफडतात.

म्हणून एवढं कराच. जांभळ्या फुलांच्या हौसेने टबात जलपर्णी लावली असेल, तर जास्तीची रोपं तळ्यात किंवा नाल्यात सोडू नका. बाहेर काढून पूर्ण वाळवा. तळ्याची शोभा हवी असेल, तर कमळ आणि कुमुदिनी आहेतच!