शनिवार तेली आणि बिताखोन

बिताखोन म्हणजे देवावरील भरवसा आणि हिश्तादलुत म्हणजे माणसाने करावयाचा प्रयत्न. यहुदी विचारात प्रयत्न कर्तव्य ठरतो, मात्र फळ देवाच्या हाती मानले जाते. अकराव्या शतकात स्पेनमध्ये बाह्या इब्न पाकुदा याने अंतःकरणाच्या कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात या भरवशासाठी स्वतंत्र प्रकरण योजले.

शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतची सक्तीची विश्रांती, हे या भरवशाचे साप्ताहिक रूप होय. रानात इस्राएलींना शब्बाथचीही सोय म्हणून शुक्रवारी दुप्पट मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारे अन्न, लाभत असे, अशी कथा निर्गम ग्रंथाच्या 16व्या अध्यायात आहे. कोकणातील मराठीभाषक यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

हा भरवसा बेने इस्राएलांच्या नवसातही दिसतो. त्यांच्यातील मलिदा हा एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या स्मरणार्थ नवस फेडताना किंवा शुभकार्यात होणारा विधी असून त्यात गोड पोहे, खोबरे व फळे असतात.

1796 मध्ये याच समाजातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत शाआर हरहमीम हे सभास्थान उभारले; परंपरेनुसार म्हैसूरच्या कैदेतून सुटकेसाठी केलेल्या नवसाची ती फेड होती.