दोन दिवसांची सहल

आपण अंबडचे लोक. मत्स्योदरी देवीचा डोंगर आपल्या रोजच्या पाहण्यातला. माशाच्या आकाराचा डोंगर, म्हणून देवीचे नाव मत्स्योदरी. नवरात्रात लांबलांबचे लोक आपल्या गावी येतात. पण आपण कधी गाव सोडून काही पाहायला जातो का? लग्नाला जातो, मयतीला जातो, दवाखान्यात जातो. नुसते पाहायला म्हणून फार थोडे जण जातात.

यंदा दिवाळीनंतर आम्ही असे पाहायला गेलो. आमच्या रात्रीच्या वर्गातली वीस-बावीस माणसे होती. कुणी पन्नाशीचे, कुणी साठीचे. बरोबर भाकरी, चटणी आणि पाण्याच्या बाटल्या. एक दिवस देवगिरीचा किल्ला पाहायचा, दुसरा दिवस छत्रपती संभाजीनगर शहर पाहायचे आणि रात्री घरी यायचे, असे ठरले. या शहराचे नाव पूर्वी औरंगाबाद होते. २०२३ साली ते बदलले. आपला अंबड तालुकाही १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्यात होता. १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला.

पहाटेच्या एसटीने आम्ही जालन्याला गेलो. जालन्यालाही एक गढी आहे, तिला मस्तगड म्हणतात. ती १७२५ साली निजामाच्या काळात बांधली. तेथे थांबायला वेळ नव्हता. पुढची गाडी धरली. गाडीवरची पाटी वर्गातल्या मंडळींनी आपली आपण वाचली. कुणाला विचारावे लागले नाही. ही गोष्ट लहान दिसते, पण ज्याला आजवर विचारावे लागत होते त्याला ती मोठी वाटते.

देवगिरी

शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर देवगिरी आहे. लांबूनच डोंगर दिसतो. भाताची मूद पालथी घालावी तसा त्याचा आकार आहे. पण खालचा भाग चारी बाजूंनी तासून काढलेला आहे. भिंतीसारखा सरळ. घोरपडसुद्धा चढणार नाही असा.

हा किल्ला यादव राजांचा. यादव राजा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या शेवटी येथे राजधानी केली. पुढे दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक याला ही जागा इतकी आवडली की, १३२७ साली त्याने आपली राजधानी दिल्लीहून येथे आणली. नाव ठेवले दौलताबाद. दिल्लीच्या पुष्कळ लोकांना शेकडो कोस चालत येथे यावे लागले. वाटेत हाल झाले. आणि थोड्याच वर्षांत राजधानी परत दिल्लीला गेली.

आत शिरताना एकामागून एक तट लागतात. बाहेरच्या तटाचे नाव अंबरकोट, मधल्याचे महाकोट, आतल्याचे कालाकोट. दरवाजे समोरासमोर नाहीत. वळून वळून जावे लागते. शत्रूच्या हत्तीला धाव घेऊन दरवाजावर धडक मारता येऊ नये, म्हणून ही युक्ती. दरवाजाच्या फळ्यांना लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, तेही हत्तीसाठीच.

पुढे उंच चांदमिनार दिसतो. तो बहामनी राजांच्या काळातला. त्यापुढे चिनीमहाल. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशा होत्या, त्यांतल्या थोड्या अजून दिसतात. नाव महाल, पण तो पुढे तुरुंग झाला. गोवळकोंड्याचे राज्य औरंगजेबाने १६८७ साली घेतले. तेथला राजा अबुल हसन तानाशाह याला त्याने येथे कैदेत ठेवले.

मग खंदक येतो. खडक फोडून खोल चर काढला आहे. तो ओलांडायला एकच वाट. वाट ओलांडली की पुढे अंधारी. अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून वर चढणारी काळोखी वाट. दिवसाही हाताला हात दिसत नाही. जाताना विजेरी जवळ ठेवा. शत्रू येथपर्यंत आलाच, तर अंधारात पायऱ्या चुकून पडे. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर सोडण्याचीही सोय होती.

एवढे सगळे आम्ही सांगत होतो. मंडळी ऐकत होती. तेवढ्यात वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या,

“गुरुजी, हे समदं खरं. पण एवढ्या लोकायला प्यायला पाणी कुठून येत असंल? आन् खायला काय?”

आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकवला. राजांची नावे पाठ करून घेतली, लढायांचे साल विचारले. हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता. मावशींनी जन्मभर डोक्यावर घागर वाहिली. म्हणून तो त्यांना सुचला. आणि खरे सांगायचे तर, किल्ल्याची सगळी गोष्ट त्या प्रश्नात आहे.

किल्ला कसा पडतो?

किल्ल्याला वेढा पडतो म्हणजे काय? शत्रू चारी बाजूंनी बसतो. आतले बाहेर जात नाहीत, बाहेरचे आत येत नाही. मग भिंत किती उंच आहे याला फारशी किंमत राहत नाही. आत किती दिवसांचे पाणी आहे, किती दिवसांचे धान्य आहे, यावर सगळे ठरते.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. तेव्हा रामदेवराव यादव राजा होता. त्याचे मोठे सैन्य मुलाबरोबर बाहेर गेले होते. राजा किल्ल्यात शिरला. जुन्या इतिहासात अशी हकीकत आहे की, घाईघाईत किल्ल्यात पोती नेली ती धान्याची म्हणून, पण उघडून पाहतात तो आत मीठ! मीठ खाऊन किती दिवस लढणार? राजाला तह करावा लागला. अलोट सोने-नाणे देऊन सुटका करून घ्यावी लागली. पोते बांधताना एकदा उघडून पाहिले असते तर?

पुढे १६३३ साली शहाजहानचा सरदार महाबतखान याने हाच किल्ला वेढला. आत निजामशाहीचा वजीर फत्तेखान होता. त्याआधी १६३० पासून दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला होता. कोठारे रिकामी. भिंती तशाच होत्या, खंदक तसाच, अंधारी तशीच. पण आतले धान्य संपले आणि किल्ला द्यावा लागला.

म्हणजे पाहा, जो किल्ला माणसाला चढता येत नाही, तो भुकेला चढता येतो.

मग आम्ही सगळे उलटे फिरलो आणि पाण्याच्या जागा पाहिल्या. महाकोटात भारतमातेच्या मंदिराजवळ एक भला मोठा हौद आहे. त्याला हत्तीहौद म्हणतात. हत्ती बुडेल एवढा खोल, म्हणून ते नाव. आजूबाजूच्या डोंगरात तळी बांधली होती. तेथून मातीच्या भाजलेल्या नळांनी पाणी किल्ल्यात आणीत. आम्ही गेलो तेव्हा हौद कोरडा होता. मावशी काठावर उभ्या राहून कितीतरी वेळ तळ पाहत होत्या.

देवगिरीची आणखी एक आठवण सांगितलीच पाहिजे. पैठणचे एकनाथमहाराज लहानपणी येथेच शिकले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे या किल्ल्याचे किल्लेदार होते. नाथांकडे हिशेबाचे काम होते, अशी कथा आहे. एकदा हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर बसले, पहाटे चूक सापडली, आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. एका पैसाठी रात्रभर जागणारा कारकून किल्ल्यावर असेल, तर धान्याच्या जागी मिठाचे पोते जाणार नाही.

शहरातला मकबरा

रात्री शहरात एका धर्मशाळेत राहिलो. सकाळी बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ साली वारली. तिचा मुलगा आझमशहा याच्या नावाने हा मकबरा प्रसिद्ध आहे. पाहताच आग्र्याचा ताजमहाल आठवतो. पण जवळ जाऊन हात लावा. भिंतीचा खालचा भाग संगमरवरी, आणि वर चुन्याचा गिलावा. घुमट पुन्हा संगमरवरी. पैसे बेताचे असले म्हणजे आपणही घराला दर्शनी भागी फरशी लावतो आणि मागे शेणाने सारवतो, त्यातलाच प्रकार. खर्चाचा आकडा लिहून ठेवलेला आहे : ६,६८,२०३ रुपये ७ आणे. सात आणेसुद्धा सोडले नाहीत!

दरवाजावर दोन नावे कोरलेली आहेत. एक अताउल्ला, दुसरे हंसपतराय. एकाने नकाशा केला, दुसऱ्याने बांधकाम पाहिले. एक मुसलमान, एक हिंदू. राजेलोकांची नावे सगळीकडे असतात. काम करणाऱ्यांची नावे येथे वाचायला मिळतात, हे आम्हांला फार आवडले.

पाण्यावर चालणारे जाते

शेवटी पाणचक्की पाहिली. येथे मावशींच्या प्रश्नाचे पुरे उत्तर मिळाले.

हे शहर मलिक अंबर याने १६१० साली वसवले. तेव्हा नाव खडकी. मलिक अंबर हा आफ्रिकेतला हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. पुढे हुशारीने निजामशाहीचा वजीर झाला. त्याने जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. मोगलांना वर्षानुवर्षे थोपवून धरले. १६२६ साली तो वारला. त्याची कबर जवळच खुलताबादला आहे.

खडकीला मोठी नदी नव्हती. मग नव्या शहराला पाणी कसे पाजायचे? मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगरातले जमिनीखालचे पाणी धरले. जमिनीखालून नहर काढली आणि ते शहरात आणले. नहर म्हणजे पाण्याचा बांधीव पाट. मध्ये ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवली. त्यातून माणूस उतरे आणि गाळ काढी. पाणी जमिनीखालून जाते, म्हणून उन्हाने आटत नाही आणि घाणही पडत नाही. पुढे इतरांनी आणखी नहरी बांधल्या.

पाणचक्कीचे पाणी असेच काही कोसांवरच्या झऱ्याचे. ही चक्की १७४४ च्या सुमारास बांधली. बाबाशहा मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ ती आहे. झरा उंचावर, चक्की खाली. पाणी बंद नळातून आले की, जेवढ्या उंचीवरून निघाले त्याच्या जवळपास पुन्हा वर चढते. खोटे वाटत असेल तर घरी रबरी नळीत पाणी भरून पाहा. दोन्ही टोके वर धरा. एक टोक खाली-वर केले तरी दोन्हीकडे पाणी सारखे राहते. याच गुणामुळे नळाचे पाणी उंच भिंतीवर चढते आणि धबधब्यासारखे खाली पडते. त्याच्या जोराने खालचे चाक फिरते, आणि चाकाबरोबर वरचे जाते. ना बैल, ना वीज, ना बाईचे हात. येथे येणाऱ्या फकिरांचे आणि वाटसरूंचे पीठ हे पाणी दळून देई.

मावशी म्हणाल्या, “आमच्या सासूबाई पहाटं उठून दळायच्या. त्यायला हे दाखवायला पाहिजे होतं.”

आपल्या गावी परत

परतताना गाडीत अंधार होता, पण बोलणे थांबले नव्हते. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ते खडी फोडल्याचे सांगत होते. २०१३ चा उन्हाळा तर सर्वांच्याच ध्यानात आहे. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. टँकरमागे घागरी घेऊन आपण धावलो. म्हणजे वेढा आपल्यालाही पडतो. शत्रू दिसत नाही एवढाच फरक.

मग कुणीतरी म्हणाले, “गुरुजी, आपल्या गावच्या बारवा?”

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आपले अंबड गाव होळकरांच्या ताब्यात होते. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ पर्यंत कारभार केला. वेरूळचे घृष्णेश्वराचे मंदिर त्यांनीच नव्याने उभे केले. आपल्याकडच्या जुन्या बारवांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. ज्यांच्या नावे लोक पाणी भरतात, त्यांचे नाव टिकते. पण त्या बारवांत आज आपण काय टाकतो? फुटक्या बाटल्या, जुनी पायताणे, निर्माल्य. देवगिरीचा कोरडा हौद पाहून हळहळणारे आपण, आपल्या दाराशी असलेली बारव आपणच बुजवतो आहोत.

पुढच्या रविवारी वर्ग भरला तो वर्गात नाही. टोपल्या आणि खोरी घेऊन आम्ही एका बारवेवर गेलो. पाच पायऱ्या मोकळ्या झाल्या. अजून पुष्कळ आहेत. मावशी सर्वांच्या आधी आल्या होत्या.

तुम्हीही किल्ले पाहायला जा, महाल पाहा. पण तेथे उभे राहिल्यावर एवढे जरूर विचारा : येथे पाणी कुठून येत होते? आणि घरी आल्यावर तोच प्रश्न आपल्या गावाला विचारा.

प्रश्न

१. देवगिरीचे दरवाजे समोरासमोर का नाहीत?
२. १६३३ साली किल्ला का द्यावा लागला?
३. नहर जमिनीखालून नेल्याचे फायदे कोणते?
४. तुमच्या गावात जुनी विहीर किंवा बारव आहे का? ती आज कशी आहे, ते पाच ओळींत लिहा.