कमी ताकदीचा टोर्नेडो आणि जमलेली गर्दी

८ सप्टेंबर २०१२, शनिवार. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ब्रीझी पॉइंटच्या किनाऱ्यावर सुट्टीला आलेली माणसं होती. सकाळी अकराच्या सुमारास समुद्रावरच्या काळ्या ढगातून एक राखाडी सोंड खाली उतरली आणि किनाऱ्याकडे सरकू लागली. अनेकांनी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. सोंड वाळूवर चढली आणि किनाऱ्यावरच्या क्लबची छपरं उचकटली, फळ्या हवेत गरगरू लागल्या. काही मिनिटांत सारं शांत झालं. सुदैवाने कुणाला गंभीर इजा झाली नाही. नंतर हवामान खात्याच्या पथकाने पडझडीची पाहणी करून या टोर्नेडोला ‘ईएफ-०’ ठरवलं. ही सगळ्यात खालची पायरी.

आपल्याकडे उन्हाळ्यात माळावर उठणारी वावटळ वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून, बहुधा निरभ्र आकाशाखाली वर चढते. टोर्नेडोचा भोवरा वरच्या गडगडाटी ढगाशी जोडलेला असतो. पाण्यावर तयार झालेला भोवरा जमिनीवर आला की त्याचीही गणना टोर्नेडोत होते. ब्रीझी पॉइंटला नेमकं तेच झालं.

टोर्नेडोची ताकद मोजायची पट्टी तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडली. तिची सुधारित आवृत्ती, म्हणजे ‘ईएफ’, अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. ‘ईएफ-०’मध्ये वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १०५ ते १३७ किलोमीटर, तर ‘ईएफ-१’मध्ये १७७पर्यंत धरतात. हे दोन्ही ‘दुर्बळ’ गटात मोडतात आणि बहुसंख्य टोर्नेडो याच गटातले असतात. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात तग धरलेला पत्रा १२० च्या वाऱ्यात टिकेलच असं नाही.

शिवाय हा दर्जा ठरतो तो वारा निघून गेल्यावर, मागे राहिलेल्या पडझडीवरून. समोर उभ्या असलेल्या माणसाला तो कळण्याचा मार्ग नाही. लहान, अल्पजीवी भोवरे रडारच्या नजरेतून अनेकदा सुटतात, त्यामुळे इशारा मिळाला तरी हातात वेळ थोडाच उरतो. आणि गर्दीच्या जागी तंबू, छत्र्या, फलक, काचा अशा उडणाऱ्या, पडणाऱ्या वस्तूच जास्त असतात. माणसाचा जीव जातो तो बहुतेक वेळा त्यांच्यामुळे.

महाराष्ट्राने हे टोर्नेडोविनाही भोगलं आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळी पावसात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचं जुनं झाड कोसळलं. आडोशाला थांबलेल्या भाविकांपैकी सात जणांचा जीव गेला. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला धुळीच्या वादळात पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग पडलं आणि १७ जण दगावले. दोन्ही ठिकाणी वारा साधा वळवाचा होता. घात केला तो डोक्यावरच्या गोष्टीने.

म्हणून आभाळ काळवंडून वारा अचानक फिरला, तर चित्रण करत थांबू नका. होर्डिंग, झाड, मांडव, पत्र्याची शेड यांच्यापासून दूर व्हा. पक्की इमारत जवळ असेल तर तळमजल्यावर, खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत किंवा बोळात जा, खाली बसा, डोकं हातांनी झाका. सगळे एकाच दाराकडे धावू नका.

जत्रा, सभा, लग्न, सामने भरवणाऱ्यांची जबाबदारी याहून मोठी आहे. हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा. लोकांना कुठे हलवायचं ते आधी ठरवा आणि कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार त्याच माणसाला द्या. मांडव उभारण्याआधी झालेलं हे नियोजनच वारा सुटल्यावर माणसं वाचवतं.