मुलग्यांच्या शिष्टाचाराचे १५३० मधील पाठ्यपुस्तक

डेसिडेरियस इरॅस्मस हा नेदरलँड्समधील मानवतावादी, म्हणजे प्राचीन ग्रीक-लॅटिन वाङ्मयाच्या अभ्यासातून माणूस घडवू पाहणाऱ्या प्रबोधनकालीन परंपरेतील विद्वान होता. १५३० मध्ये त्याने मुलग्यांच्या शिष्टाचाराविषयी लॅटिनमध्ये लिहिलेले छोटेखानी पुस्तक एका सरदारपुत्राला अर्पण केलेले असले, तरी ते सर्वच मुलांसाठी होते. कारण आईवडील किंवा जन्मभूमी कोणाला निवडता येत नाही, पण स्वभाव आणि वर्तन मात्र घडवता येते, अशी त्याची धारणा होती, आणि त्या जन्माधिष्ठित समाजात हा विचार खरोखर धाडसी होता.

देह, पोशाख, चर्च, मेजवानी, भेटीगाठी, खेळ आणि शयनगृह अशा सात प्रकरणांतील सर्वांत रसाळ भाग जेवणाचा आहे. काट्याचा वापर रुळलेला नव्हता आणि एकाच थाळीतून अनेकजण हाताने घेत, त्यामुळे थाळीत सर्वांआधी हात घालू नये, तेलकट बोटे चाटू नयेत किंवा अंगरख्याला पुसू नयेत, या सूचनांना प्रत्यक्ष गरजेचा आधार होता. नाक बाहीला न पुसता रुमालाने पुसावे, हेही मुलांना सांगावे लागे.

समाजशास्त्रज्ञ नॉर्बर्ट एलियास याने १९३९ च्या ग्रंथात या पुस्तकावरून लाज आणि किळस यांच्या सीमारेषा काळानुसार कशा सरकतात हे दाखवले. तथापि, सोबत्याची चूक झाल्यास त्याला एकांतात, सौम्यपणे सांगावी, ही इरॅस्मसची शिकवण देहसंयमाच्या नियमांइतकीच मोलाची असून तिच्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे.